मागची सीट

९ फेब्रुवारी

ताडपत्री काढली आज. खाली उंदरांनी घर केलं होतं, बाळंतपणं उरकली होती आणि सगळे निघूनही गेले होते. शहाणे म्हणायचे. या घरात राहण्यात राम नाही हे त्यांना आमच्या आधी कळलं.

मोटारसायकल आहे तशीच आहे. म्हणजे गंजलेली, चाकं बसलेली, आणि तोंड फुगवून उभी. आता ही दुरुस्त कोण करणार? आमची सून! जिनं आजवर साधा नळ बदललेला नाही. जी दूध तापत ठेवते आणि फोनवर बोलत गच्चीवर जाते. म्हणे मोबाइलवर बघून बघून करणार. करा. मीही मोबाइलवर बघून विमान उडवते.

सून उंच आहे. पहिल्यांदा घरात आली तेव्हा बैठकीतल्या दिव्याला डोकं आपटलं होतं तिनं. तेव्हापासून मी तिला उंटीण म्हणते. मनात! तोंडावर काही बोलायची सोय नाही, कारण काहीही बोला, ती फक्त ‘हं’ म्हणते. होय नाही, नाही नाही, नुसतं हं. अशा बाईशी माणसानं भांडायचं कसं? भिंतीवर चेंडू मारला तर तो निदान परत तरी येतो.

चिरंजीव — माझा मुलगा, तिचा नवरा — दारातूनच बघत होते. ‘ग्रीस लागेल हां कपड्यांना’ एवढं बोलून आत गेले. मीच जन्माला घातलाय. दोष कोणाला देऊ?

१० फेब्रुवारी

काल मुद्द्याचं लिहायचं राहूनच गेलं. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं असंच. गाडी एकीकडे, डबे दुसरीकडे.

तर गाडी यांची. हे म्हणजे मुलाचे बाबा, आता नाहीत. माझ्याआधी ती घरात आली, म्हणून मी तिला थोरली म्हणायचे. मी धाकटी. थोरलीला रोज फडक्यानं पुसायचे, कानाशी बसून तिची कुरकुर ऐकायचे. मला ताप आला तर विचारायचे, ‘स्वयंपाक झालाय ना?’

थोरलीवर माझी जागा एकच. मागची सीट. यांची सीट वेगळी, स्प्रिंगांवर बसवलेली, राजाला शोभेल अशी. माझी मागे, छोटी, काळ्या रेक्झिनची, चौकोनी उशीसारखी. एकदा ती उसवली तेव्हा मीच शिवली. काळा दोरा सापडला नाही म्हणून पिवळ्या दोऱ्यानं. हे म्हणाले, शोभा घालवलीस गाडीची. मी म्हटलं, तुम्ही बसता का मागे? मग तुम्हाला काय त्याचं?

दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचं. पाय डावीकडे म्हणजे तोंड डावीकडे. आख्खं जग मी डावीकडचंच पाहिलंय बघ. या गावात उजव्या हाताला काय काय आहे ते मला विचारू नये कोणी. दर रविवारी हे मला तळ्याच्या रस्त्यानं फिरायला न्यायचे. तळं उजवीकडे! डावीकडे डोंगर खचू नये म्हणून बांधलेली दगडी भिंत. तिच्यातून पाणी जायला पाइप काढलेत, ते मी मोजत बसायचे. आणि पुढून हे ओरडणार, ‘काय सुंदर दिसतंय बघ पाणी!’ मान मोडेपर्यंत वळावं तर दिसायची यांची पाठ. येताना तरी तळं डाव्या हाताला यावं की नाही? नाही. येताना हे गोदामांच्या बाजूनं आणायचे. तिकडचा उतार गाडीला सोसतो म्हणे. गाडीला!

एवढं पुराण सांगितलं कशासाठी, तर उंटीण काल संध्याकाळी म्हणाली, ‘आई, मागची सीट काढावी लागेल.’

मी म्हटलं, त्या गाडीतलं मला काही म्हणजे काही नको. जांभळा रंग दे, दिव्याला झालर लाव. पण माझी सीट माझ्या जागी राहील, आणि गाडी चालू झाली की मला एकदा त्या तळ्याच्या रस्त्यानं न्यायचं. उजवीकडे पाय करून बसेन या खेपेला. बघू कोण अडवतं.

‘हं,’ म्हणाली.

११ फेब्रुवारी

सीट माझ्या कपाटात आहे. रजयांच्या खाली. चार स्क्रूच तर होते, भाजीच्या सुरीनं निघाले. काढ म्हणावं आता!

१ मार्च

इंजिन जाम आहे. किक पायाखाली हलतच नाही. उंटीण किकवर उभी राहिली सबंध, वरून झाडाला हात लावता आला असता तिला, तरी हललं नाही. थोरली हट्टी आहेच. माझ्यासारखी नाही, मी समजूतदार.

मग मोबाइलवरच्या कुठल्याशा दाढीवाल्यानं सांगितलं म्हणून प्लग काढून त्या भोकातून तेल ओतलं आणि म्हणे आता थांबायचं. भिजू दे. हे तर मीही सांगितलं असतं. करपलेलं पातेलं काय लगेच घासतात? त्याला दाढी कशाला लागते?

१८ मार्च

आज माझ्या हातून चांगलं काम झालं आणि त्याचा मला त्रास झाला. लिहून ठेवते, कारण या घरात मला कोणी बरं म्हणणार नाही.

उंटीण ऑफिसला गेली. पडवीत बघते तर जमिनीवर जुन्या चादरीवर गाडीचा सगळा कचरा मांडलेला. नट, बोल्ट, वायसर, चकत्या, स्प्रिंगा, वेड्यासारख्या लांबच लांब रांगेत. मोठ्याच्या शेजारी बारका, बारक्याच्या शेजारी वाकडा. घरात बाईमाणूस आहे की नाही असं कोणाला वाटावं! मी सगळं उचललं. रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं, आणि आकाराप्रमाणे बरण्यांत भरलं. मोठे एका बरणीत, मधले एका, बारके एका, वाकडे एका. चादर धुऊन वाळत घातली. चार बरण्या ओळीनं खिडकीत अशा दिसत होत्या की शेजारीण कुंपणावरून म्हणाली, काय हो, विकायला काढलंय का?

उंटीण आली. बरण्या बघितल्या. चादर बघितली. पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं, कौतुकानं भरून आलं.

मग कळलं की ती रांग म्हणजे उघडल्याचा क्रम होता. या टोकाला सगळ्यात आधी काढलेला, त्या टोकाला शेवटचा. उलट जोडत यायचं. मला काय स्वप्न पडणार? पाटी लावायची होती.

चिरंजीव म्हणाले, ‘आई, कशाला हात लावतेस पण तू?’ त्याला मी विचारलं, तू तुझ्या जन्मात कशाला हात लावलायस?

उंटीण ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती उठली, तोंड धुतलं आणि म्हणाली, ‘आता जोडताना तुम्ही बसायचं माझ्याबरोबर. रोज.’

इतकं मोठं वाक्य ती पहिल्यांदा बोलली असेल माझ्याशी.

१९ मार्च

शिक्षा सुरू.

२४ मार्च

पॅंट मिळाली मला! ऑइल लागतं म्हणून उंटिणीनं चिरंजीवांची जुनी दिली. आम्ही मायलेक सारख्याच उंचीचे, म्हणजे दोघंही बुटके. पॅंटीला खिसे आहेत. पुढे दोन, मागे दोन. एकात चष्मा, एकात रुमाल, एकात सुपारीएवढा नट जो कुठला ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पुरुषांना इतके खिसे कशाला लागतात? सगळ्या वस्तू तर बायकांनाच शोधून द्याव्या लागतात!

शेजारीण म्हणाली, या वयात हे काय. मी म्हटलं, या वयातच. तरण्या वयात पॅंट घातली असती तर तुम्ही लोकांनी कुंपणावर शिडी लावून पाहिलं असतं.

२ एप्रिल

इंजिन सुटलं. किक खाली गेली आणि वर आली. उंटीण हसली. दात चांगले आहेत तिचे, दाखवत का नाही कोण जाणे.

२० एप्रिल

टाकी. आतून गंजाचे पापुद्रे. उपाय काय, तर आत बारीक खडी आणि आम्लाचं पाणी घालायचं आणि हलवत बसायचं. मिक्सर नाही, मशीन नाही, हलवायचं हातानं. मी रजईत गुंडाळून मांडीवर घेतली आणि झुलवत बसले. चिरंजीव लहानपणी असेच वजनदार होते आणि असेच खडखड आवाज करायचे.

टाकी झुलवताना मला बोलायची सवय. पोरं झोपवताना लागलेली. तर मी उंटिणीला सगळं सांगत बसले. मागे बसून मला न बघता कळायचं, गाडीला काय हवंय ते. चढावर इंजिन रडायला लागलं की मी यांच्या पाठीवर टकटक करायचे, म्हणायचे, ‘गियर बदला, रडतंय ते.’ हे म्हणायचे, ‘तुला काय कळतं?’ आणि बदलायचे. दर वेळी! दर वेळी ‘तुला काय कळतं’ आणि दर वेळी बदलायचे. हे असे मोठे शहाणे.

एकदा मी म्हटलं, मला शिकवा की चालवायला. मोकळं मैदान आहे, कोणी बघत नाही. तर हसले. पाणी पीत होते, ठसका लागला, तरी हसतच होते. मग ते सगळ्यांना सांगितलं त्यांनी, माझ्या भावाला, गाडीच्या दुकानदाराला, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला. ‘हिला गाडी शिकायचीय!’ मीही हसायचे त्यांच्याबरोबर, चहा देता देता. काय करणार.

मी पुन्हा कधी विचारलं नाही.

उंटीण खडी मोजत असल्यासारखी खाली बघत होती. ‘हं,’ म्हणाली. एवढं सांगितल्यावर हं! दगडाला पाझर फुटतो म्हणतात, त्यांनी आमची सून पाहिलेली नाही.

६ मे

आता ऐक नवीन शहाणपण. गाडीला तिसरं चाक!

शेजारी डबा लावणार म्हणे. त्यात माणूस बसतं. मी विचारलं, का? ‘दोन चाकांवर मला भरवसा नाही, आई.’ म्हणजे माझ्यावर नाही. म्हातारी मागून घरंगळेल, म्हणून म्हातारीला डब्यात घाला. वरून झाकण लावणार का, हेही विचारलं मी.

आणि डबा कुठल्या बाजूला? डावीकडे! उजवीकडे लाव म्हटलं तर म्हणते, रस्त्याच्या कडेची बाजू डावीच, उजवीकडचा डबा समोरच्या गाड्यांना धडकेल. म्हणजे पुन्हा तीच भिंत. पूर्वी निदान उंचावरून बघायचे, आता बुडाशी बसून पाइपांत तोंड घालणार. तळ्याकडे बघावं तर मध्ये उंटिणीचा गुडघा. यांची पाठ परवडली.

माझं म्हणणं साधं होतं. माझी सीट, माझी जागा. इतकं अवघड आहे का?

७ मे

कोणाशी बोलले नाही.

८ मे

बोलले. नट कुठला ते सापडलं, मागच्या चाकाच्या आसाचा. मीच ओळखला, मग सांगायला नको?

२९ मे

वेल्डर. याच्याबद्दल लिहायला एक वेगळी वही लागेल. तोंडात सतत काहीतरी चघळतो आणि डोळ्यांसमोर काच न धरता काम करतो, म्हणून त्याला अर्ध्या गोष्टी दिसत नाहीत. सून बोलते आणि हा उत्तर चिरंजीवांना देतो. चिरंजीव बिचारे नुसते रिक्षातून सामान उतरवायला आलेले! ‘साहेब, किती इंचाचं करू?’ साहेबांनी घाबरून माझ्याकडे बघितलं.

त्याच्या अंगणात पाण्याची जुनी पत्र्याची टाकी पडली होती. ती आडवी कापून डबा करायचा. मी आत बसून पाहिलं, माप घ्यायला. पाय पुढच्या पत्र्याला पोचेचनात. लांबच लांब. मी म्हटलं, यात मी झोपू शकते. यात माझ्याशेजारी शेजारीणही झोपू शकते. कमी कर. तर उंटीण वेल्डरला म्हणते, ‘अजून दोन बोटं वाढवा.’

मापच कळत नाही तिला. ऑफिसात काय करते देव जाणे, लोकांच्या इमारतींची मापं काढते असं ऐकून होते. त्या इमारतींखालून जाऊ नये.

१७ जून

आज पुढचं हॅंडल मागे ओढून घेतलं. पाय ठेवायच्या दांड्या वर घेतल्या. सीटची जागा इतकी खाली आणली की उंटीण एकदा बसून दाखवायला गेली तर गुडघे थेट हॅंडलला. टोळासारखी दिसत होती. हे उंच होते, ही उंच आहे. गाडी होती तशी ठेवली असती तर हिच्या मापानं बेतून शिवल्यासारखी झाली असती. ती बरोबर होती ती बिघडवून ठेवली!

वेल्डरसुद्धा म्हणाला, मॅडम, तुमचे पाय नाही मावणार. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलला असेल. उंटीण म्हणाली, असू दे.

मी दोघांकडे बघितलं आणि घरी येऊन चहा केला. माझ्यापुरता.

५ जुलै

माझा उपयोग आता वजन म्हणून होतो. ‘आई, जरा पुढे बसा, स्प्रिंग किती दबते बघू.’ सीट नाही तर लाकडी फळीवर बसवलं. ‘आई, क्लच दाबा, मला खालून तार बघायचीय.’ दाबला. ‘सोडा हळू. अजून हळू.’ शंभर वेळा दाबून घेतला असेल. आधी दगडासारखा होता, मग तिनं तारेची जागा बदलली, दांडीला लांबी दिली, आता दोन बोटांनी दबतो. मी म्हटलं, अगं, इतका मऊ कशाला? तुझे हात चांगले फावड्यासारखे आहेत. तर ‘हं’.

गियर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. जुन्या गाड्यांचं सगळंच उलटं. ‘आई, पहिला टाका. आता मधला, न्यूट्रल. आता दुसरा.’ ती मागे चाकाशी बसून ऐकणार आणि मी पाय हलवणार. मला काय, बसल्या बसल्या पायाला व्यायाम. पण थोरलीला पाहिलं तर कळेल, ती पहिल्याला कुरकुरते आणि दुसऱ्याला लगेच लाडात येते. उंटिणीला हे तीन वेळा सांगावं लागलं.

२ ऑगस्ट

सुरू झाली!

उंटीण किक मारत होती, मारत होती. मी म्हटलं, थांब, हे आधी टाकीवर दोन थापा मारायचे. तिनं मारल्या. काही झालं नाही. थापांचा काही संबंध नव्हता, हे उगाच मारायचे हे आज कळलं. मग तिनं कार्बोरेटर पुन्हा उघडला, एका बारीक भोकात केसाएवढा कचरा होता तो काढला, आणि पुढच्या किकला — तोच आवाज. तोच! स्वयंपाकघरात मी हातातलं टाकून दाराशी जायचे तो.

चिरंजीव आतून धावत आले आणि दारात उभे राहिले. डोळे पुसत होते. धूर गेला म्हणे. धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

मी रडले नाही. मी पडवी झाडली.

३० ऑगस्ट

डबा लागला. आता गाडी नाही, लंगडी म्हैस. तिसरं चाक जरासं आत वळतं ठेवायचं असतं, नाहीतर सबंध गाडी डब्याकडे ओढ खाते. किती वळतं, ते चालवूनच कळतं. आणि ते चालवणाऱ्याला दिसत नाही, समोरून बघावं लागतं. म्हणून बंद गोदामाच्या आवारात नेलं आणि तिथे मला म्हणते, ‘आई, तुम्ही आणा पुढे. मी खाली झोपून चाक बघते.’

मी काय हमाल आहे का? चिरंजीवांना सांग म्हटलं. चिरंजीव म्हणाले, ‘मला भीती वाटते.’ निदान खरं बोलले.

बसले मग. तीन चाकं, पडायचा प्रश्न नाही. क्लच, पहिला, हळू सोडला. आणि गाडी निघाली. उंटीण समोर पोटावर पडलेली, गाल जमिनीला. दहाएक हात गेले असेन, थांबवली. ‘पुन्हा.’ पुन्हा नेली. ती चाक जरा आत घेणार, पाना आवळणार, मी पुन्हा. सूर्य टेकेपर्यंत हेच. माझी दुपारची झोप गेली.

हात अजून थरथरतायत. म्हणजे गाडीच्या थरथरीनं, भलतं काही नाही. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यानं.

३१ ऑगस्ट

हात थांबले. तरी मुठीत काहीतरी धरल्यासारखं वाटतं.

१३ सप्टेंबर

रविवारची हमाली चालू आहे. आता वळवायलाही लावते. उजवीकडे, डावीकडे, डबा रिकामा, डब्यात विटा. डावीकडे जोरात वळलं तर डबा उचलतो, हे मला माझं मी कळलं. उंटीण म्हणाली, म्हणूनच विटा. मग आधी सांगायचं!

शेजारीण विचारते, कोणासाठी चाललंय एवढं? मी म्हटलं, सुनेसाठी. स्वतःच्या मापाची गाडी करता आली नाही तिला, आता बसेल गुडघे मोडून. शेजारीण माझ्या पॅंटकडे बघत राहिली. तिला शिवून घ्यायची असेल.

११ ऑक्टोबर

रंग दिला. हिरवा. कोणाला विचारलं? कोणालाच नाही. चांगला दिसतो ही गोष्ट वेगळी.

५ नोव्हेंबर

चोरी झाली.

रजया उन्हात टाकायला कपाट उघडलं तर खाली सीट नाही. माझी सीट. सगळं कपाट बाहेर काढलं. नाही. चिरंजीवांना विचारलं, ‘कुठली सीट?’ म्हणाले, आणि कानाची पाळी चोळायला लागले. लहानपणी खोटं बोलताना हेच करायचा.

सरळ उंटिणीपुढे जाऊन उभी राहिले. घेतलीस का? ‘हं.’ फेकलीस? ती हातातलं पुसत राहिली.

म्हणजे गेली. बरोबर आहे, डबा आला, आता सीट कशाला. घरात बसते त्या जागेचंही उद्या कोणी असंच करेल. चादर धुऊन वाळत घालतील आणि म्हणतील, जागा मोकळी झाली.

९ नोव्हेंबर

मी पडवीत जात नाही. पॅंट धुऊन घडी करून ठेवून दिली. खिसे आधी रिकामे केले.

१३ नोव्हेंबर

गाडी तयार आहे म्हणे. उद्या तळ्यावर जायचं. वरून नवा रस्ता झाल्यापासून तळ्याच्या रस्त्याला आता कोणी गाडी नेत नाही, म्हणून तिकडेच. उंटीण माझ्या खोलीच्या दारात वाकून उभी होती, डोकं लागतं म्हणून. म्हणाली, ‘तुम्ही याल ना, आई?’

इतकी वर्षं मी ती भिंत पाहिली, पाइप पाहिले, एका पाइपात पक्ष्यानं घर केलं तेही पाहिलं. हे बरोबर होते म्हणून पाहिलं. आता डब्यात बसून, मान वर करून, पुन्हा पाहायला मी येणार नाही. असं सांगायचं होतं.

‘हं,’ म्हटलं.

१४ नोव्हेंबर

शेजारीण बघत होती म्हणून फाटकापर्यंत गेले, एवढंच. उंटीण आधीच डब्यात बसली होती. पाय लांब सोडून. बरोब्बर मावले होते. मी विचारणार होते, मग चालवणार कोण. तेवढ्यात पुढच्या सीटच्या कडेला पिवळा दोरा दिसला.

तळं उजवीकडे आहे. केवढं आहे! मान वळवावी लागत नाही, नुसते डोळे फिरवले की झालं.

चढावर डब्यातून आवाज आला, ‘आई, गियर बदला, रडतंय ते.’

म्हटलं, तुला काय कळतं?

आणि बदलला.